डुकराला गादी नको, काम हवं

पत्र थोडक्यात: बोरिवलीला राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. सासर वसईचं. सासऱ्यांच्या वाडीत डुकरं आहेत, लहानमोठी सव्वीस. रोजचं सगळं दीर बघतो. तीन वर्षांपूर्वी वाडीचा अर्धा भाग इमारतीला गेला, तेव्हा जुना गोठा पाडून उरलेल्या जागेत पत्र्याची शेड आणि सिमेंटचा कोबा केला. दहा बाय बारा फुटांच्या दोन खणांत वाढीची डुकरं (एकात बारा, दुसऱ्यात अकरा) आणि पलीकडे तीन डुकरिणी. गेल्या दोन महिन्यांत ही जनावरं एकमेकांच्या शेपट्या चावायला लागली आहेत. पाच जखमी झाली. एकाचं मागचं अंग लुळं पडलं आणि ते गेलं. खाद्याचा दुकानदार म्हणतो, पुढच्या वेतापासून पिल्लांच्या शेपट्या जन्मतःच छाटा. या भगिनींनी सुचवलं की खाली पेंढा घालू, मऊ लागेल. घरात हशा झाला. 'डुकराला गादी? ते घाणीतच लोळणारं जनावर.' (सासरे मात्र म्हणाले, 'माझ्या आईच्या वेळी डुकरं अशी चावत नव्हती.') नवऱ्याचं म्हणणं, तू ब्लॉकमध्ये वाढलीस, तुला यातलं काय कळतं. शेजारच्या नव्या सोसायटीची वासाची तक्रार आहेच. 'मी स्वतः हे मांस खाते, नाताळला आमच्या घरी ते शिजतं, मग मला कळवळा यावा हेही ढोंग वाटतं. शेपट्या छाटू द्यायच्या, पेंढ्याचा हट्ट धरायचा, की धंदाच बंद करा म्हणायचं?' ता.क.: मोठी डुकरीण या आठवड्यात व्यायची आहे. ती गोणपाटं ओढून फाडते, पाण्याचा पाइप चावते. दीर म्हणतो, वेडी झाली.

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. 'माझ्या आईच्या वेळी डुकरं अशी चावत नव्हती.' म्हाताऱ्या माणसाला मागचं सगळं चांगलंच वाटतं, असं समजून तुम्ही पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. चाळीस वर्षं पशुवैद्यकी केल्यावर माझी एक सवय झाली आहे. जनावर आजारी पडलं की 'काय झालं' हे विचारायच्या आधी मी 'आधी काय वेगळं होतं' हे विचारते. तुमच्या सासऱ्यांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे, पण ते त्यांना कुणी पुढे विचारलं नाही.

या रविवारी गेलात की त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, 'पप्पा, तुमच्या आईच्या वेळी डुकरं कुठे असायची?' मला अंदाज आहे ते काय सांगतील. नारळीखाली, केळीच्या बागेत, सांडपाण्याच्या चराशी. दिवसभर नाकाने माती उकरायची, मुळं, किडे, पडलेली फळं खायची, दुपारी चिखलात आणि रात्री सुक्या जागी झोपायची. ती डुकरं सभ्य होती असं नव्हे. त्यांच्या तोंडाला दिवसभर उद्योग होता.

याचा अभ्यासही झालेला आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ स्टोल्बा आणि वूड-गश या दोन शास्त्रज्ञांनी साध्या पाळीव डुकरांना डोंगरउतारावरच्या मोठ्या कुंपणात मोकळं सोडलं आणि त्यांचा दिवस नोंदवला. खायला रोज मिळत होतं, तरी उजेडाच्या वेळेपैकी जवळजवळ अर्धा वेळ ही जनावरं चरण्यात आणि जमीन उकरण्यात घालवत. झोपायला फांद्या आणि गवत जमवून घरटं करत, आणि विधीला त्या घरट्यापासून लांब जात. पिढ्यान् पिढ्या गोठ्यात काढलेली ती डुकरं. रानात सोडल्यावर त्यांचं आतलं रानडुक्कर जसंच्या तसं बाहेर आलं.

आता तुमचा कोबा डोळ्यांसमोर आणा. डुकराचं नाक हे फावडंही आहे आणि बोटाचं टोकही. ताकद फावड्याची, संवेदना बोटाची. हे नाक सिमेंटवर घासून काय करणार? खाणं दोन वेळा येतं आणि पंधरा मिनिटांत संपतं. उरलेल्या दिवसात खणात हलणारी, चघळता येणारी, चावल्यावर हाताला लागल्यासारखी वाटणारी वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे पुढच्याची शेपटी. सुरुवातीला हे चावणं नसतंच. नुसतं तोंडात धरून चघळणं असतं आणि पुढचं डुक्करही ते चालवून घेतं. मग एके दिवशी कातडी फाटते, रक्त लागतं, आणि रक्ताच्या चवीने बाकीचीही धावतात. तुमचं जे जनावर मागचं अंग लुळं पडून गेलं, त्याच्या शेपटीच्या जखमेतला पू मणक्यापर्यंत चढला असणार. शेपटीच्या जखमेला हसू नये ते याचसाठी.

तेव्हा घरच्यांचं 'डुकराचा स्वभावच तसा' हे म्हणणं मला पटत नाही. पण तुमचं 'मऊ लागेल' हेही अर्धंच खरं आहे. पेंढा तीन कामं करतो. अंगाखाली गादी होते, थंडीत ऊब देतो, आणि नाकातोंडाला उद्योग देतो. वसईच्या हवेत ऊब हवी ती फक्त तान्ह्या पिल्लांना. मऊपणा बरा, सिमेंटवर घासून गुडघे-कोपरं सोलवटतात, ते थांबतं. पण तुमच्या शेडीत आज जे पेटलं आहे ते तिसऱ्या कामावाचून. म्हणून घरी 'गादी' हा शब्द काढूच नका. 'चघळायला काहीतरी टाकूया' म्हणा. हसण्यासारखं त्यात काही उरणार नाही.

आता ते 'घाणीतच लोळणारं जनावर'. हे ऐकून मला अजूनही राग येतो. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंग गार करायचं तर बाहेरून ओल हवी. पाणी मिळालं तर पाणी, चिखल मिळाला तर चिखल, आणि दोन्ही नसलं तर स्वतःची मूत-घाण. तुम्ही मे महिन्यात दुपारी दीडला शेडीत जाऊन बघा (चपला बदलून जा). पत्रा तापलेला, आणि डुकरं नेमकी ओल्या, घाणीच्या कोपऱ्यात एकमेकांपासून लांब, पाय पसरून पडलेली. डुकराला घाण आवडते असा निष्कर्ष लोक काढतात. खरं म्हणजे खणात तेवढीच जागा गार असते. हवा सोसवेल इतकी थंड असते तेव्हा तेच डुक्कर झोपायची जागा कोरडी ठेवतं आणि विधीला दूरचा कोपरा धरतं. माझ्या पाहण्यातल्या जनावरांत जागेच्या बाबतीत इतकं काटेकोर दुसरं नाही.

यातूनच मुंबई-वसईची खरी अडचण निघते, आणि परदेशातले सल्ले इथे जसेच्या तसे उचलून चालत नाहीत. तिकडे फूटभर पेंढा अंथरतात, कारण बर्फ पडतो. इथे एप्रिल-मेमध्ये तुम्ही फूटभर पेंढा किंवा भाताच्या तुसाचा थर घातलात, तर खालून तो कुजतो आणि कुजताना उष्णता सोडतो. डुकरं त्यावरून उठून पुन्हा घाणीत जाऊन झोपतील, आणि दीर म्हणेल, 'बघ, सांगितलं नव्हतं?' जाड थराची पद्धत मी तुम्हाला सुचवणार नाही. खणाचे दोन भाग करायचे: एक कोरडा, झोपायचा, पातळ अंथरुणाचा आणि एक मुद्दाम ओला ठेवलेला. डुकरं आपली आपण वाटणी करतात, फक्त तुम्ही ती सुरुवातीला दाखवून द्यायला हवी. खण रिकामा असेल तेव्हा ओला ठेवायचा कोपरा पाण्याने भिजवा, थोडी जुनी विष्ठा तिथे ठेवा, पाण्याचा नळही त्याच बाजूला घ्या, आणि मग जनावरं आत सोडा. शेजारचा खण जिथून दिसतो, वारा जिथून येतो, तिथे डुकरं विधीला जातात. म्हणून झोपायच्या बाजूची भिंत बंद हवी आणि ओल्या बाजूला गज चालतील. तुमच्याकडे हे नेमकं उलटं असेल, अशी मला दाट शंका आहे.

पत्र्यावर नारळाच्या झावळ्या टाका. वाडीत त्या फुकट आहेत. दुपारी अकरा ते चार ओल्या भागावर थोडं थोडं पाणी शिंपडा, थांबून थांबून, म्हणजे अंगावरचं सुकायला वेळ मिळेल. सतत फवारा ठेवला तर नुसती दमट वाफ होते. एवढ्याने वासही काहीसा कमी होईल, कारण अंगाला घाण फासलेलं जनावर हाही शेडीतल्या वासाचा एक भाग असतो.

वासाचं निघालंच आहे तर एक गोष्ट करून बघा. शेडीत उकिडवं बसा, डुकराच्या नाकाइतक्या उंचीवर, आणि दोन मिनिटं तसंच थांबा. डोळे चुरचुरले, घशात खवखवलं, तर तो अमोनिया. उभ्या माणसाला तो तितका कळत नाही. तुम्ही दोन मिनिटांत उठाल, ती तिथेच राहतात, आणि चुरचुरत्या डोळ्यांचं जनावर चिडकं असतंच. सोसायटीला उत्तर द्यायच्या आधी हे करा. त्या तक्रारीबद्दल मी एवढंच म्हणेन की ती खोटी समजू नका. पाऊस लागायच्या आत गटाराचा उतार आणि शोषखड्डा नीट करून घ्या, आणि सोसायटीच्या एखाद्या माणसाला बोलावून दाखवा. भांडणाने वास जात नाही.

शेपट्या छाटण्याबद्दल. मी याविरुद्ध बोलणार हे तुम्हाला कळलं असेल, पण आधी माझीच एक गोष्ट सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं. ठाणे जिल्ह्यात एका शेतकऱ्याकडे हाच त्रास होता आणि मी ठणकावून सांगितलं, छाटा. त्याने पुढचं पूर्ण वेत छाटलं. चार महिन्यांनी त्याचा निरोप आला: 'बाई, शेपट्या चावणं थांबलं, आता कान चावतात.' मी गेले. तोच खण, तोच कोबा, तीच गर्दी. कानांच्या कडा कुरतडलेल्या, दोघांच्या कुशीवर घाव. मी तोंडाला चावायला काही दिलं नव्हतं, फक्त चावायची एक जागा काढून घेतली होती, आणि त्यांनी दुसरी शोधली. त्या माणसाने मला दोष दिला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

छाटलेल्या शेपटीचं टोक पुढे दुखरं राहू शकतं. कदाचित म्हणूनच ती कुणी तोंडात धरली की जनावर लगेच झटकतं, आणि चावणं कमी होतं. म्हणजे औषध जे लागू पडतं ते दुखण्यामुळेच. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशात सरसकट शेपटी छाटायला मनाई आहे. आधी जागा, गर्दी, हवा सुधारा आणि डुकरांना उकरायला-चघळायला पेंढा, गवत, लाकूड, भुसा असं काही कायम द्या, असं त्यात आहे. तिथल्या पुष्कळ देशांत छाटणं तरी चालूच आहे, कारण पेंढा टाकणं आणि तो गटारातून काढणं महाग पडतं. स्वीडन आणि फिनलंडमध्ये मात्र ते बंदच आहे आणि तिथेही लोक डुकरं पाळतात, विकतात, खातात.

तुमच्याकडे तर सव्वीसच जनावरं. हजार असती तर मी तुमच्या दिराची अडचण समजले असते.

आता आजचं बघू, कारण तुम्ही हे वाचाल तोवरही चावणं चालूच असेल. जखमी जनावरं आधी बाहेर काढा. पावसाळी हवेत जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत किडे पडतात. डॉक्टरांना बोलवा, प्रतिजैविक लागेल की नाही ते त्यांना ठरवू द्या. मग अर्धा तास खणाबाहेर गुपचूप उभं राहून बघा की चावतं कोण. बरेचदा एकच असतं, आणि ते सगळ्यात दांडगं असेलच असं नाही. कधी कधी मागे पडलेलं, खाण्यावर नंबर न लागणारं पोर असतं. त्याला वेगळं करा. परत घालताना मारामारी होईल, म्हणून ते काम संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आणि खणात भरपूर चघळायचं टाकून करा. नवी डुकरं मिसळतानाही हेच. अनोळखी डुकरं पहिले एक-दोन दिवस वरचढ कोण हे ठरवायला भांडतातच. कोपरे आणि पळायला जागा असली की ते लवकर निवळतं.

काय टाकायचं? टायर आणि साखळी सुचवणारे लोक भेटतील. पहिल्या दिवशी डुकरं त्याच्याशी खेळतात, तिसऱ्या दिवशी ढुंकून बघत नाहीत. चावल्यावर मोडलं पाहिजे, तोडून खाता आलं पाहिजे, वास हवा, आणि रोज थोडं नवं हवं. वसईत राहून यासाठी पैसे मोजणं मला पटत नाही. घड उतरल्यावर कापलेला केळीचा खांब फूट-फूट तुकडे करून टाका; त्याचे सोपट उलगडत डुकरं तासभर रमतात, शिवाय त्यात पाणी. रसवंतीवाल्याकडची ताजी चिपाडं, संध्याकाळी आंबायच्या आत. शहाळीवाल्याकडची रिकामी शहाळी. वाडीतल्या ओल्या फांद्या (कण्हेर आणि एरंड मात्र नको, विषारी). आणि भाताचा पेंढा, दर जनावरामागे दिवसाला पाव किलोच्या आसपास. तो एकदम नव्हे, तर सकाळ-दुपार-संध्याकाळ विभागून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी नवा वाटतो. तेवीस वाढीच्या डुकरांना दिवसाला सहा किलोच्या आत भागतं. घरात हा हिशेब सांगा. 'गादी'पेक्षा आकडा जास्त चालतो, तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला हे मी काय सांगायचं.

मुंबईच्या वखारीतून भुसा आणायचं कुणी सुचवलं तर आधी विचारा कशाचा. रे रोडच्या बाजूला लाकडाचा बाजार आहे, भुसा ढिगाने मिळतो. पण प्लायवूडचा, गोंद लावलेला किंवा वाळवीचं औषध मारलेला भुसा जनावराच्या तोंडाजवळ नको. साध्या लाकडाचा, धूळ कमी असलेला चालेल. तूस अंथरायला बरं, चघळायला निकामी, आणि त्याची धूळ छातीत जाते.

पावसाळा हा पेंढ्याचा शत्रू. ११ जूनच्या आसपास मुंबईत पाऊस लागतो, आणि पुढचे चार महिने बाहेर ठेवलेला पेंढा काळा पडलाच समजा. बुरशीचा पेंढा फेकून द्या, 'वरचा काढून खालचा वापरू' नको. बुरशीच्या काही विषांनी माद्यांचा माज बिघडतो, योनी सुजते, गाभणी गाभ टाकू शकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात झोडला की पेंढा घ्या, लाकडी फळ्यांच्या मचाणावर जमिनीपासून हातभर वर ठेवा, खाली उंदीर फिरायला जागा देऊ नका. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, आणि तो डुकरांना होतो तसा तुमच्या दिरालाही होऊ शकतो. पावसाळ्यातलं अंथरूण रोज ओलं तेवढं काढायचं, कोरडं तसंच ठेवायचं. जुलै-ऑगस्टमध्ये पेंढ्याऐवजी केळीचे खांब आणि ओलं गवत यावर भर दिला तरी चालतं. डुकराला विविधता हवीच असते.

गर्दीबद्दल. तुमचा खण साधारण अकरा चौरस मीटरचा, बारा जनावरं. प्रत्येकी एक चौरस मीटरपेक्षा जरा कमी. कागदावर हे वाईट दिसत नाही. पण त्यातला निम्मा ओला, म्हणजे झोपायला प्रत्येकी अर्ध्या चौरस मीटरहून कमी उरतं, आणि उन्हाळ्यात डुकरं अंगाला अंग लावून झोपत नाहीत, पाय पसरतात. जनावरं सत्तर-ऐंशी किलोच्या पुढे गेली की माझ्या मते त्या खणात आठच ठेवावीत. पैशाने शक्य नसेल तर निदान दोन महिने आधी विक्री सुरू करा, नाताळची वाट बघत सगळी एकदम वाढवू नका. आणि गव्हाण मोजा. सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता आलं पाहिजे, मोठ्या डुकराला साधारण फूटभर जागा. पाण्याला दहा जनावरांमागे एक निपल (तोंडाने दाबला की पाणी देणारा नळ) तरी हवा. रांगेत मागे राहिलेलं डुक्कर पुढच्याचं मागचंच चावणार, दुसरं काय करेल?

खाणं हॉटेलचं खरकटं असेल (पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण मुंबईच्या आसपास बहुतेकांचं असतं) तर ते किमान अर्धा तास खळखळून उकळा आणि त्यात डुकराचं मांस अजिबात येऊ देऊ नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग अशा मांसातूनही पसरतो, आणि तो २०२०मध्ये भारतात आला. एकदा शिरला की शेड रिकामी करतो. खरकट्यात मीठही फार असतं, आणि मीठ जास्त व पाणी कमी झालं की डुकराला झटके येतात, ते कुत्र्यासारखं मागे बसतं. पाण्याचा नळ चालू आहे ना हे रोज हाताने तपासायला दिराला सांगा.

आता तुमचा शेवटचा, न विचारल्यासारखा विचारलेला प्रश्न, ढोंगाचा. मांस खाणाऱ्याने जनावराच्या हालांबद्दल बोलू नये, हा युक्तिवाद मी घरोघर ऐकला आहे. तो मला कधीच पटला नाही. ज्याच्या ताटात ते येतं, त्याने नाही विचारायचं तर कोणी? तुमच्या आजेसासूबाई नाताळला डुक्कर कापत होत्या आणि वर्षभर त्याला वाडीत फिरवतही होत्या. त्यांना यात विसंगती दिसली नसणार.

आणि धंदा बंद करा हे तुम्ही सांगू नका. ते तुमच्या हातात नाही, आणि त्याने तुमचं पुढचं प्रत्येक बोलणं 'हिला बंदच करायचंय' या खात्यात जाईल. त्याऐवजी एका खणाचा सौदा करा. बारा डुकरांच्या खणात महिनाभर तुमची पद्धत, अकराच्या खणात दिराची. पैसे पहिल्या महिन्याचे तुमच्या पगारातून घाला, मन मोठं करून. आणि रोज सकाळी खाणं टाकताना दिराने एकच मोजायचं: किती शेपट्या वर वळलेल्या आणि किती खाली, पायात दाबलेल्या. शेपटी खाली जायला लागली की बहुतेक वेळा रक्त दिसायच्या आधी चावणं सुरू झालेलं असतं. हे दिराला दुकानदार सांगणार नाही. वहीत दोन रकाने. कुणाचं बरोबर हे वही ठरवेल, तुम्ही नाही आणि नवराही नाही.

ता.क.चं उत्तर. ती वेडी झालेली नाही. व्यायच्या आधीच्या दिवसात डुकरीण घरटं बांधते; हे तिच्या रक्तातलं संप्रेरक तिच्याकडून करवून घेतं, खाली माती असो की सिमेंट. रानात ती पुढच्या पायांनी खळगा करते, फांद्या आणि गवत तोंडाने वाहून आणते, वर रचते. तुमच्याकडे तिला गोणपाट आणि पाइप एवढंच मिळालं. घरटं बांधू न मिळालेली डुकरीण व्यातानाही उठबस करत राहते, आणि त्या उठबशीत पिल्लं चिरडतात. तिला आजच एक-दोन भारे सुका, स्वच्छ पेंढा द्या, लांब काड्यांचा, आणि तिला तो हवा तसा ओढू-रचू द्या. पिल्लांसाठी तिच्या अंगापासून जरा दूर कोपऱ्यात आडोसा करून बल्ब लावा. तान्ह्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश ऊब लागते आणि तिला तेवढी अजिबात नको असते, म्हणून दोघांची जागा वेगळी. पाइप तिच्या तोंडाच्या आवाक्याबाहेर उचलून घ्या. फाटलेलं गोणपाट मात्र तिच्याकडून काढून घेऊ नका, ते तिने रचलेलं आहे.